खोका, पेंग्विन आणि हशा

नाटकाच्या जाहिरातीत ‘शेवटचे ५ प्रयोग’ असं छापून आलं, की मराठी प्रेक्षक ते फारसं मनावर घेत नाही. पाचाचे पंचवीस होतात, मग ‘लोकाग्रहास्तव’ येतं, मग नव्या संचात तेच नाटक पुन्हा उभं राहतं. निरोप हा आपल्याकडे धंद्याचाच एक भाग आहे आणि त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. पण हॅना गॅड्सबी यांनी २०१७ साली ‘नॅनेट’ या एकपात्री कार्यक्रमात रंगमंचावरून सांगितलं, की आता मला विनोद सोडायलाच हवा, तेव्हा ते प्रेक्षकांनी शब्दशः घेतलं. घेण्यासारखंच होतं. दहा-अकरा वर्षं ज्या धंद्यावर पोट चाललं, त्या धंद्याचं यंत्र लोकांसमोर उघडून, त्याचा एकेक स्क्रू काढून टेबलावर मांडणारा माणूस ते यंत्र पुन्हा जोडून चालवील, असं कुणाला वाटणार?

आणि मग नेमकं तेच झालं. मेलबर्न, एडिंबरा असे महोत्सव गाजवून ‘नॅनेट’ २०१८च्या जूनमध्ये नेटफ्लिक्सवर आलं, ऑस्ट्रेलियाबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेलं हे नाव घराघरात गेलं, आणि २०१९मध्ये गॅड्सबी ‘डग्लस’ नावाचा नवा कार्यक्रम घेऊन मेलबर्नपासून अमेरिका आणि ब्रिटनपर्यंत फिरत होते-होत्या. (हे जोडाक्रियापद मी मुद्दाम एकदाच लिहिते आहे. त्याबद्दल पुढे.) ‘डग्लस’चं चित्रण नेटफ्लिक्सवर २०२०च्या मे महिन्यात आलं. टाळेबंदीत, घरात एकटीनं, कानाला हेडफोन लावून मी ते पाहिलं. तेव्हा मला ते ‘नॅनेट’पेक्षा उणं वाटलं होतं. बऱ्याच जणांना तसं वाटलं. आता चार-पाचदा पाहून, आणि त्यातले तुकडे मराठीत आणायच्या खटपटीत स्वतः तोंडघशी पडून झाल्यावर, मला वाटतं की मी तेव्हा चुकले. मोठं धाडस ‘नॅनेट’चं आहे यात शंका नाही. पण ‘नॅनेट’नं जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर ‘डग्लस’मध्ये आहे, आणि ते अशा ठिकाणी आहे जिथे समीक्षकांनी फारसं थांबून पाहिलं नाही. शाळेतल्या व्याकरणाच्या तासात.

आधी प्रश्न काय होता ते सांगायला हवं.

गॅड्सबी यांचा जन्म १९७८चा, टास्मानियातल्या स्मिथटन या छोट्या गावातला. टास्मानियात समलैंगिक संबंध १९९७पर्यंत गुन्हा होते. म्हणजे या माणसाचं सगळं पौगंड अशा ठिकाणी गेलं, जिथे आपण जे आहोत त्यावर शेजारीपाजारी, वर्तमानपत्रं आणि कायदेमंडळ जाहीर चर्चा करत होते. पुढे कलेच्या इतिहासाची पदवी, मग २००६मध्ये नवोदित विनोदकारांची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकणं, मग स्टँड-अप. त्या स्टँड-अपचा मुख्य माल म्हणजे स्वतःची थट्टा. ‘नॅनेट’मध्ये गॅड्सबी सांगतात, की ज्याला समाजानं आधीच कडेला ढकललंय, त्यानं स्वतःची थट्टा करणं हा विनय नव्हे, ती मानहानी आहे. बोलायची परवानगी मिळावी म्हणून दिलेली लाच आहे. (‘लाच’ हा शब्द माझा, पण अर्थ तोच.)

आणि मग ते यंत्र उघडणं. विनोदाला दोन भाग असतात: आधी ताण निर्माण करायचा, मग तो सोडायचा. गोष्टीला मात्र तीन भाग असतात, तिला शेवट असतो. विनोद करायचा तर गोष्ट मधेच कापावी लागते. याचं उदाहरण म्हणून कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगितलेला एक किस्सा शेवटाकडे पुन्हा येतो. बसथांब्यावर एक तरुण ‘माझ्या मैत्रिणीशी बोलतोस काय’ म्हणून अंगावर धावून येतो, मग समोर बाई आहे हे कळल्यावर ओशाळतो, कारण तो बायकांवर हात टाकत नाही. हशा. दुसऱ्यांदा सांगताना कळतं, की तो तरुण परत आला होता. त्याच्या लक्षात आलं होतं, की ही बाई असली तरी मारायला हरकत नसलेली बाई आहे. त्यानं मारलं, कुणी मधे पडलं नाही, आणि मार खाणारा जीव ना पोलिसांकडे गेला ना दवाखान्यात. इथे हशा नाही, आणि ताण सोडलाही जात नाही. तो तुमचा तुम्ही घरी घेऊन जा, असं प्रेक्षकांना सांगितलं जातं.

मराठी वाचकाला हे ऐकून ‘बटाट्याची चाळ’ आठवेल. पु. ल. देशपांड्यांनी तो प्रयोग १९६१मध्ये रंगमंचावर आणला तेव्हा तासन्‌तास हसलेलं सभागृह शेवटच्या ‘चिंतना’शी येऊन गप्प होत असे. हसवणाऱ्यानं शेवटी हसवायचं थांबवणं आपल्याला नवीन नाही. पण ती शांतता ओळखीची होती. चाळ जाणार, ती माणसं जाणार, ही हुरहूर सभागृहातल्या सगळ्यांची सामाईक होती आणि ती बरोबर घेऊन जाताना बरंच वाटत असे. ‘नॅनेट’ची शांतता सामाईक नाही. ती सभागृहाची वाटणी करते: ज्यांनी मारलं, ज्यांनी मार खाल्ला, आणि जे बसथांब्यावर उभे होते. बहुतेक प्रेक्षक तिसऱ्या गटातले, आणि ते त्यांना कळतं.

हा बसथांब्याचा किस्सा मी मराठीत करून पाहिला, आणि तिथे माझी भाषा मला एक भेट देऊन गेली, एक खड्डाही दाखवून गेली. भेट अशी: इंग्रजीत त्या तरुणाला आपली चूक कळते ते सांगायला दुसऱ्या कुणाला तरी मधे बोलावं लागतं, वाक्यं खर्ची पडतात. मराठीत तो ‘काय बोलतोयस रे’ म्हणतो आणि मग नुसतं ‘बोलतेयस’ म्हणतो. एक स्वर बदलला, की अख्खा प्रसंग उलटा होतो. खड्डा असा, की त्या तरुणाच्या तोंडी समलिंगी पुरुषासाठी एक शिवी आहे. आपल्या रस्त्यावर त्या जागी जी शिवी सहज येते ती मुळात हिजडा समाजावरची आहे. ती वापरली, की टास्मानियातला मार मी न विचारता दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीवर नेऊन घालते. न वापरावी तर मराठीत तो तरुण उगाच सभ्य होतो. माझ्या वहीत त्या जागी अजून फुल्या आहेत.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण ते टाळून पुढचं सांगता येणार नाही. मी इचलकरंजीची. आमच्याकडे बायका-मुली सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. त्यात पुरुषीपणाचा आव नसतो, ती तिथली रीत आहे. पुण्याला वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी ‘अंघोळ करून येतो’ म्हटलं आणि खोलीतल्या मुली हसून लोळल्या. आठ-दहा दिवस मी गप्प राहिले. मग मी एक युक्ती केली. कुणी हसायच्या आधी मीच माझी नक्कल करू लागले. आवाज घोगरा करून, मिशीला पीळ दिल्यासारखा हात करून, ‘येतो गं’. ती फार चालली. पुढे कोलकात्यात तौलनिक साहित्य शिकताना ती मी इंग्रजीत समजावून सांगत असे, आणि भाषांतरकारांच्या संमेलनांमध्ये तर तो माझा हुकमी एक्का होता: व्याकरणिक लिंग, प्रादेशिक भेद आणि करमणूक, सगळं तीन मिनिटांत. २०१८ नंतर मी तो किस्सा सांगितलेला नाही. निर्धार वगैरे काही केला नव्हता. एका संमेलनात ओळखीच्या बाईंनी ‘ते मिशीवालं सांग ना’ म्हटलं आणि माझा हात वर गेलाच नाही. त्या किस्स्याचा कापलेला तिसरा भाग, म्हणजे ते आठ-दहा दिवस, मला एकदम आठवले होते.

तर ‘नॅनेट’नं माझ्यासारख्या अनेकांच्या हातून त्यांचा हुकमी एक्का काढून घेतला. हे चांगलंच झालं. पण त्यानंतर काय? ज्याला कडेला ढकललंय त्यानं स्वतःवर विनोद करायचाच नाही का? मग तो विनोद करणार कशावर? सतत दुसऱ्यावर? की दुःखच सांगत राहायचं, दरवर्षी नवं? ‘डग्लस’ बघायला आलेल्या बहुतेकांना हे शेवटचंच हवं होतं, हे गॅड्सबी यांना पक्कं ठाऊक आहे. कार्यक्रम सुरू होतो तोच त्या चिमट्यानं: ‘नॅनेट’मुळे आला असाल तर इथे काय शोधताय, माझ्याकडची सगळी आघातांची पुंजी मी त्या एकाच कार्यक्रमात उधळून बसले, एवढी मागणी आहे हे आधी कळतं तर जपून, हप्त्याहप्त्यानं खर्चली असती. विनोद आहे, पण त्यात बाजारभाव बरोबर सांगितलेला आहे. मोठं यश मिळालेल्या कलावंताला सगळ्यात जास्त अडवतो तो टवाळ प्रेक्षक नव्हे, तर ‘तसंच पुन्हा’ मागणारा प्रेमळ प्रेक्षक.

त्यावर गॅड्सबी यांचा उपाय नामी आहे. पुढची दहा-पंधरा मिनिटं अख्ख्या कार्यक्रमाचा आराखडा सांगितला जातो. आधी अमेरिकेतल्या शब्दांची थोडी थट्टा येईल. मग कुत्र्यांच्या बागेतली एक गोष्ट. मग काही जणांना मुद्दाम डिवचेन. मग चित्रकलेवर व्याख्यान. मला स्वमग्नता असल्याचं मधे उघड करीन. कुठे तुम्ही हसाल, कुठे तुम्ही वैतागाल, हेही. आणि मग ते सगळं त्याच क्रमानं घडतं. विनोदाचा पाया म्हणे अनपेक्षितपणात असतो, आणि इथे अनपेक्षित काही ठेवलेलंच नाही. तरीही लोक हसतात, उलट जास्त हसतात, कारण ‘हे येणार असं म्हटलं होतं’ ही ओळखच विनोदाचं काम करू लागते.

पाश्चात्त्य समीक्षकांना ही रचना फार अभिनव वाटली. ज्यानं एखादं नारदीय कीर्तन ऐकलंय त्याला तितकी वाटणार नाही. बुवा आधी अभंग म्हणतात, पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतात, आणि उत्तररंगातलं आख्यान कुठे जाऊन पोहोचणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोष्ट माहीत असल्यानं कुणी उठून जात नाही. कीर्तनकार मधेच श्रोत्यांना टोमणा मारतात, पेंगणाऱ्याची फिरकी घेतात, लोक खळखळून हसतात, आणि ‘हा विनोद की प्रवचन?’ असं कुणी विचारत नाही. ‘नॅनेट’वर मात्र हाच आक्षेप सतत घेतला गेला: हा विनोद नव्हे, हे व्याख्यान आहे. ‘डग्लस’मध्ये त्याला मिळालेलं उत्तर म्हणजे खरंखुरं व्याख्यान, पडद्यावर चित्रं दाखवून. युरोपच्या प्रबोधनकाळातले दोनातेल्लो, राफाएल, लिओनार्दो, मायकेलअँजेलो हे चार महापुरुष पुष्कळांना आता ‘निंजा टर्टल्स’ या कार्टूनमधली चार कासवं म्हणूनच माहीत आहेत, तिथून सुरुवात करून त्या काळच्या चित्रांमधल्या विनाकारण विवस्त्र बायकांपर्यंत. व्याख्यान म्हणता? घ्या व्याख्यान.

इथे मला थोडं हात राखून बोलायला हवं, कारण माझ्या मते ‘डग्लस’चा हा मधला भाग सगळा सारखा नाही. मी काही वर्षं उपशीर्षकं लिहिण्याचं काम केलंय. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जी उपशीर्षकं करतात त्यात नुसते संवाद नसतात, ‘प्रेक्षक हसतात’, ‘टाळ्या’ असंही लिहावं लागतं. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांत भाषणांच्या वृत्तान्तात कंसात ‘हशा’ आणि ‘टाळ्या’ छापत, त्याची ही नातवंडं. या कामानं मला एक खोड लागली. आता कोणताही विनोदी कार्यक्रम पाहताना मी समासात ‘ह’ आणि ‘ट’ लिहीत जाते. ‘नॅनेट’च्या पहिल्या निम्म्यात जवळजवळ सगळे ‘ह’ आहेत, मग कोरी जागा. ‘डग्लस’मध्ये लसविरोधकांना डिवचणं, पुरुषसत्तेला टोचणं, आधीच्या कार्यक्रमावर चिडलेल्या टीकाकारांना चिडवणं, या भागांसमोर ‘ट’ फार आहेत. टाळी ही सहमतीची खूण असते. आधीच पटलेलं कुणीतरी छान शब्दांत म्हटलं, की आपण टाळी देतो. हसू तसं नाही. हसताना माणसाला आपलं मत तपासायला वेळच मिळत नाही. म्हणून ‘ट’ जिथे जास्त तिथे मला कार्यक्रम सैल वाटतो. पहिल्यांदा पाहताना माझं मत याच भागांमुळे बिघडलं होतं.

कुत्र्याच्या गोष्टीला दोन्ही मिळतात, आणि रास्तच. कुत्र्याचं नाव डग्लस. बागेत भेटलेला एक गृहस्थ नावावरून उगाच शिकवणी सुरू करतो आणि बोलणं जाऊन पोहोचतं ‘पाउच ऑफ डग्लस’पर्यंत. ही बाईच्या शरीरातली, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग यांच्या मधली जागा. तिला अठराव्या शतकातल्या जेम्स डग्लस या स्कॉटिश वैद्याचं नाव आहे. ती जागा हजारो वर्षं बायका अंगात घेऊन फिरत होत्या. एका पुरुषानं ती पाहिली आणि तिला त्याचं नाव लागलं, टेकडीवर झेंडा लावावा तसं. भाषांतरकाराला इथे करण्यासारखं काही नाही. आपल्याकडचे डॉक्टरही तेच नाव घेतात. एका परक्या माणसाचं नाव आपल्या आयाबहिणींच्या पोटात आहे, हे मला तो कार्यक्रम पाहीपर्यंत माहीत नव्हतं.

आता पेंग्विन.

गॅड्सबी यांना स्वमग्नतेचं निदान मिळालं ते पस्तिशी उलटल्यावर. ‘डग्लस’मध्ये ते उघड करून झाल्यावर शाळेतला एक तास सांगितला जातो. शिक्षक इंग्रजीतली ‘प्रिपोझिशन्स’ शिकवतायत, खोक्याचा आधार घेऊन: खोक्याशी तुमचं जे नातं असू शकतं ते सांगणारा शब्द म्हणजे प्रिपोझिशन. आत, वर, खाली, शेजारी. वर्गातलं ते एक मूल हे अक्षरशः ऐकतं. त्याला शंका येतात. खोक्याशी आपलं नातं असायलाच हवं का? ते विचारतं, पुन्हा विचारतं, बोलण्यात एक पेंग्विन शिरतो, आणि शिक्षकाचा संयम सुटतो. मुलाचं काय चुकलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. सांगून हे काहीच वाटणार नाही. गॅड्सबी यांच्या तोंडून ऐकताना पोट धरून हसायला होतं. माझ्या समासात इथे ‘ह’च ‘ह’ आहेत.

या हशाकडे नीट पाहिलं तर ‘नॅनेट’च्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. विनोद स्वतःवरचाच आहे. वर्गात बावळट ठरलेलं ते मूल रंगमंचावरच्या माणसाचंच बालपण आहे. पण आपण त्या मुलाला हसत नाही. त्याचा प्रत्येक प्रश्न तर्काला धरून आहे. हसू येतं ते व्याकरणाच्या त्या व्याख्येचं, जी इतके दिवस आपल्याला ठीक वाटत होती आणि एका प्रामाणिक प्रश्नानं जिची भंबेरी उडाली. भरतानं नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केलेत: स्वतः हसणं आणि दुसऱ्याला हसवणं. पण हसणाऱ्याचं बोट कुणाकडे आहे, हा तिसरा मुद्दा उरतोच. आधीच्या दहा वर्षांत गॅड्सबी यांचं बोट स्वतःकडे, ‘नॅनेट’मध्ये ते प्रेक्षकांकडे. पेंग्विनच्या वेळी ते खोक्याकडे आहे. कुणाची मानहानी न होता, आणि ज्याच्यावर प्रसंग बेतला त्याला लपवून न ठेवता, सभागृह हसतं. किस्स्याला तिसरा भागही आहे, तो कापलेला नाही: ते मूल एकटं पडलं. ते सांगितलं जातं, आणि हशा विरत नाही.

हा भाग मी गेल्या वर्षी एका कार्यशाळेत भाषांतरासाठी दिला. पहिली अडचण व्याकरणाबाहेरची. मुंबईहून आलेली मुलं ‘पेंग्विन’ शब्दालाच हसू लागली. २०१६ साली राणीच्या बागेत पेंग्विन आल्यापासून मुंबईत त्या पक्ष्याला राजकीय टोमण्याची नोकरी लागली आहे. आम्ही बदक करून पाहिलं, घुबड करून पाहिलं. काही जमेना, पेंग्विनच राहिला. दुसरी अडचण खरी होती. मराठीत प्रिपोझिशन नाही. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतात आणि नामाला चिकटतात. बहुतेकांनी इंग्रजी तसंच ठेवून ‘प्रिपोझिशन म्हणजे...’ अशी सुरुवात केली. विनोद जागच्या जागी मेला. भाषांतरात विनोद समजावून सांगावा लागला, की तो शवविच्छेदनाचा अहवाल होतो.

मग सोलापूरची, घरी कन्नड बोलणारी एक मुलगी म्हणाली, की आपल्याकडे तर खोकाच बदलतो. ‘खोका’. पण ‘खोक्यात’, ‘खोक्यावर’, ‘खोक्याखाली’. इंग्रजीतला खोका पेंग्विन आत गेला काय, वर बसला काय, जसाच्या तसा असतो. मराठीतला खोका कुणी जवळ येणार म्हटलं, की आधीच वाकतो. याला आपण शाळेत ‘सामान्यरूप’ म्हणायला शिकलो आणि कधी विचार केला नाही, की जे रूप बदललेलं आहे त्याला सामान्य का म्हणायचं. तिच्या मसुद्यातलं मूल हात वर करून विचारतं: बाई, पेंग्विन अजून आत गेलेला नाही, मग खोक्याला आधीच काय झालं? बाई म्हणतात, काही नाही झालं, ते सामान्य आहे. मूल म्हणतं, मग आधी तो असामान्य होता का? वर्ग हसला, मीही हसले, आणि त्या हशात मूळ कार्यक्रमातलं एकही वाक्य नव्हतं. मला तरी ते भाषांतरच वाटलं. एक-दोन जणांना वाटलं नाही, आणि त्यांनी त्यावर जेवणाच्या सुटीत माझ्याशी कडाडून वाद घातला. त्यांचं म्हणणं होतं, की शिक्षकाला चिडवणारं चुणचुणीत मूल आणि खरोखर न समजलेलं मूल यांत फरक आहे, आणि आमच्या मुलाचा शेवटचा प्रश्न जरा जास्तच हुशार आहे. त्यांचं बरोबर होतं. तो प्रश्न आम्ही काढून टाकला.

गॅड्सबी यांचा पुढचा प्रवास मी दुरून पाहते आहे. २०२३चा ‘समथिंग स्पेशल’ लग्नाबद्दलचा, सुखाचा कार्यक्रम आहे. मला तो आवडला, लक्षात फारसा राहिला नाही. त्याच वर्षी ब्रुकलिन संग्रहालयात पिकासोवर भरवलेल्या प्रदर्शनात गॅड्सबी यांचा सहभाग होता, त्यावर कलासमीक्षकांनी सडकून टीका केली. ‘नॅनेट’मधला पिकासोवरचा राग ज्या श्वासात ऐकला होता तो भिंतीवरच्या पाट्यांना कुठून यावा? रागाला बोलणाऱ्याचं तोंड लागतं.

राहता राहिलं ते सुरुवातीचं ‘होते-होत्या’. हॅना गॅड्सबी इंग्रजीत आता स्वतःसाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरतात. मराठीत हे अवघड जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आदरार्थी अनेकवचन आपल्याकडे तयारच आहे, वर्तमानकाळात ‘म्हणतात’, ‘सांगतात’ला लिंग नसतं, ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचा’लाही नसतं, आणि भूतकाळात ‘सांगितलं’, ‘जिंकलं’ अशी सकर्मक क्रियापदं कर्त्याकडे बघतसुद्धा नाहीत. एवढा लेख त्या एका ठिकाणी आणि आघातांच्या पुंजीपाशी मी रंगमंचावरचं बोलणं मराठीत मांडलं, ते ठिकाण सोडता असाच निभावला. आदरानं बोलायचं ठरवलं, की मराठीला समोरच्याचं लिंग फारसं विचारावं लागत नाही.

अडतं ते ‘मी’पाशी. गॅड्सबी रंगमंचावर ‘मी’ म्हणूनच बोलतात, आणि मराठी ‘मी’ला क्रियापद लागतं: ‘जाते’ की ‘जातो’? ‘नॅनेट’ आणि ‘डग्लस’ केले तेव्हाचं ‘मी’ बाई म्हणून मार खाल्लेलं आहे, तिथे ‘जाते’ काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणूनच ती ‘उधळून बसले’ मी तशीच ठेवली. आताच्या ‘मी’ला मात्र ते बसत नाही. आणि माझ्याकडे एक ‘जातो’ आहे, जे बाईच्या तोंडचं असून पुरुषी नाही. पण ते वापरलं, की स्मिथटनचं माणूस इचलकरंजीच्या बाजारात उभं राहतं, आणि पुण्याचा वाचक हसेल. कशाला हसेल, हे मला माहीत आहे. वहीत मी सध्या दोन्ही रूपं लिहिते, मधे तिरकी रेघ देऊन. बसथांब्याच्या पानावर मात्र परवा मी रेघ खोडली आणि नुसतं ‘उभा होतो’ असं लिहिलं. मोठ्यानं वाचून पाहिलं. आवाज घोगरा न करता.